परवान्यावरचा मिस्त्री

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी हजेरी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती, मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो. आमचं घर कोहळी समाजाचं. माझ्या आजा-पणजांनी गावोगाव तलाव बांधले, फुटती पाळ अंगाने अडवून धरली. त्या घरात मीच एक भित्रा निघालो. मॅट्रिकला बसलो, नापास झालो आणि चुलत्याच्या ओळखीने मिलमध्ये चिकटलो. सकाळी भोंगा झाला की दाराशी टेबल मांडून बसायचं, आत येणाऱ्या माणसांची हजेरी भरायची, एवढंच काम. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं.

मिलचं सगळं वाफेवर चालायचं. धानाचा कोंडा भट्टीत जळायचा, त्यावर बॉयलर तापायचा, त्या वाफेवर इंजिन फिरायचं. हा बॉयलर तीस वर्षं एकाच माणसाने सांभाळला होता. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. चाचा मूळचा लाहोरकडचा. मिशी फुटायच्या वयात कुठल्याशा यंत्राबरोबर तो गोंदियाला आला आणि इथलाच झाला. इथल्याच एका बिडी वळणाऱ्या बाईशी त्याने लग्न केलं. त्याला हिंदी यायची, मोडकी मराठी यायची, रागावला की पंजाबी यायची. पण मी नोकरीला लागलो तेव्हा तो मिलमध्ये नव्हता. म्हातारी आई आजारी असल्याचं पत्र आलं म्हणून फाळणीनंतरच्या त्या भयंकर दिवसांतही तो लाहोरला गेला होता.

तो तिकडे असतानाच इकडे नियम बदलला. पाकिस्तानातून येणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागू लागला. कायमचं राहायला परत यायचं तर एक परवाना, नुसतं भेटीला यायचं तर दुसरा. कायमच्या परवान्याला फार दिवस लागतील असं तिथल्या कचेरीत कुणीतरी चाचाला सांगितलं. आई गेली होती, बायको इथे एकटी होती. त्याने तीन महिन्यांचा भेटीचा परवाना घेतला आणि परत आला. स्वतःच्या घरी, स्वतःच्या बायकोकडे, पाहुणा म्हणून. परवान्यावर येण्याचं कारण लिहिलं होतं, 'नातेवाइकांची भेट'. नोकरी करायची मुभा त्यात नव्हती.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला अजून स्वप्नात दिसतो. दुपारची वेळ होती. बाहेरच्या ओट्यावर वीसेक बाया उकडलेलं धान पायांनी हलवत वाळवत होत्या. बॉयलरवर नवा माणूस होता, पोरगेलासा, रेल्वेच्या शेडमधून काढून टाकलेला. फाटकाशी एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस चौकीदाराशी बोलत उभा होता. बोलता बोलता तो थांबला, मान तिरपी करून आत ऐकू लागला. मला तर नेहमीचाच आवाज येत होता. पण त्याने हातातली पिशवी टाकली आणि बॉयलरच्या खोलीकडे धावत सुटला. काय झालं ते पाहायला मीही मागोमाग गेलो.

बॉयलरच्या अंगावर काचेची एक नळी असते, आत पाणी किती आहे ते त्यात दिसतं. ती नळी घाणीने तुंबली होती. नळीत पाणी दिसत होतं, बॉयलरमध्ये मात्र ते तळाला गेलं होतं. काहीतरी चुकलंय हे त्या पोराच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो पाणी सोडायची चावी फिरवायला निघाला होता. चाचाने झडप घालून त्याचा हात धरला.

"खोल मत! ठंडा पानी गया तो सब उडेगा!" मग माझ्याकडे वळून ओरडला, "बाबू, औरतों को बाहर निकालो! भागो!"

मी पळालो नाही. बायांना सांगायलाही गेलो नाही. लोखंडातून बारीक टिकटिक येत होती, भट्टीच्या तोंडाशी धग इतकी की भुवया जळाल्याचा वास येत होता, आणि चाचा लांब सळईने पेटता कोंडा भराभर बाहेर ओढत होता. मी नुसता बघत राहिलो.

बायांना बाहेर काढलं ते त्यांच्या मुकादमीण बाईने. काळी, ठेंगणी, आवाज फाटका. तिने चाचाची हाक ऐकली आणि काही न विचारता एकेकीला ढकलत फाटकाबाहेर नेलं. परत येऊन तिने मला दंडाला धरून ओढलं. "काऊन उभा आहेस गा? मरतं का?"

आग निघाली. लोखंड हळूहळू गार झालं. काही फुटलं नाही.

संध्याकाळी मिलच्या शेठजींनी चाचाला ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होतो. चाचाने परवाना टेबलावर ठेवला. "शेठजी, काम करना मना है. पकडा गया तो मैं जाऊँगा, साथ में आप भी फसोगे."

शेठजींनी कागद पाहिला न पाहिल्यासारखा केला. "तू अर्जी डाल दे पक्के परवाने की. तब तक काम कर. बॉयलर फटा तो क्या परवाना देखेगा?"

दुसऱ्या दिवशी हजेरीबुक उघडून मी विचारलं, यांचं नाव कसं लिहू? शेठजी म्हणाले, "वो खलाशी था न, जो कोयला खदान चला गया. उसका नाम चालू रख."

मी लिहिलं. बॉयलरवरच्या त्या जुन्या मदतनिसाचं नाव चालू राहिलं.

तेव्हापासून भीती माझ्याबरोबर राहायला आली. सकाळी टेबल मांडायचो तो रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे पोलीस आला तर लांबून दिसेल. ठाण्यातला एक शिपाई रोज आमच्या नळावर पाणी प्यायला यायचा. तो बिचारा पाणी पिऊन तोंड पुसून जायचा, पण तो असेपर्यंत मी वहीवर कोपर ठेवून ते खोटं नाव झाकून बसायचो. जेवण जाईना. गावी गेलो की आई म्हणायची, "वाळून राहिला हा पोरगा. काय खाते का नाही तिकडं?"

चाचाने पक्क्या परवान्याची अर्जी टाकली होती. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा, म्हणून कागद भंडाऱ्याला गेला, तिथून नागपूरला. उत्तर येईना. दर आठवड्याला ठाण्यात जाऊन तो हजेरी देत होता. माझ्या वहीत एक नाव, ठाण्याच्या वहीत दुसरं. तीन महिने संपले त्या आठवड्यात त्याने ठाण्यात जाणं बंद केलं. घर ते मिल, मिल ते घर. रस्त्याने जाताना तो डोक्याला पंचा गुंडाळायचा. तीस वर्षं ज्या रस्त्याने गेला तोच रस्ता.

एकदा मी त्याला विचारलं, "चाचा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

तो काचेची नळी पुसत होता. म्हणाला, "इसका डर मालूम है, बाबू. पानी कम हुआ, आग खींच लो. वो कागजवाले का डर मालूम ही नहीं पडता, किधर से आएगा."

आला तो फाटकातूनच. भरदिवसा, सायकलवर, बरोबर दोन शिपाई. ठाण्यात नवा फौजदार आला होता आणि मुदत संपूनही गेले नाहीत अशांची यादी त्याच्या हाती होती. शेठजी रायपूरला गेले होते. फौजदार माझ्या टेबलाशी आला आणि त्याने चाचाचं खरं नाव घेतलं.

"हा माणूस तुमच्याकडे कामाला आहे?"

"नाही साहेब."

"ओळखता?"

मी म्हणालो, "नाही. मी ओळखत नाही."

"मग बॉयलरवर कोण आहे?"

मी वहीतलं नाव सांगितलं, तो कोळसा खाणीत गेलेला खलाशी. फौजदार म्हणाला, "बोलवा त्याला."

बोलवायची गरजच नव्हती. चाचा बॉयलरच्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. दहा पावलांवर. त्याने सगळं ऐकलं होतं. माझी नजर त्याच्या पायांकडे गेली, वर जाईना. फौजदाराने त्याला विचारलं, "नाव काय तुझं?"

वहीतलं नाव त्याला ठाऊक होतं. ते सांगून तो कदाचित सुटलाही असता, निदान त्या दिवसापुरता. पण मग माझा खोटेपणा पुढेच गेला असता, चौकशी झाली असती, त्या खलाशाच्या घरी कुणी गेलं असतं. त्याने एवढा विचार केला की नाही मला माहीत नाही. तो म्हणाला, "आप जिसको ढूँढ रहे हो वो मैं हूँ." आणि मग माझ्याकडे हात करून, "ये बाबू नया है. इसको कुछ मालूम नहीं."

तरीही मी वहीवर कोपर ठेवून बसून राहिलो. चाचाने भट्टीची आग कमी केली, नळीतलं पाणी पाहिलं, मदतनिसाला काय काय करायचं ते समजावलं. फौजदारही थांबला. मग ते त्याला घेऊन गेले. ओट्यावरच्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या होत्या. मुकादमीण माझ्याकडे बघत होती.

शेठजी परत आले आणि त्यांनी हात झटकले. तो माणूस नुसता भेटायला आला होता, असं त्यांनी ठाण्यात सांगून टाकलं. वही कुणी पाहिली नाही. मी वाचलो होतो. वाचलो होतो तरी मला त्या दिवसांत दोनदा ताप आला.

तिसऱ्या दिवशी मुकादमीण चाचाच्या बायकोला घेऊन माझ्या टेबलाशी आली. त्या बाईच्या बोटांना बिडीच्या तंबाखूचा पिवळा रंग होता. बोलली ती मुकादमीणच.

"त्याले भंडाऱ्याले नेलं. आता सरहद्दीपार धाडतील म्हणते. अर्जी लिवनारा म्हणते का तो तीस वर्सं इथंच होता याचा कागद पायजे. आमचे अंगठे देतो, पन अंगठ्याले कोन पुसते? कागद तुह्याजवळ आहे."

"माझ्याजवळ कुठला कागद?"

"जुन्या वह्या. माळ्यावर."

खरं होतं. मिल सुरू झाल्यापासूनची हजेरीबुकं माळ्यावर पडली होती. त्यांत वर्षानुवर्षं चाचाचं नाव होतं. पण त्या वह्या शेठजींच्या, त्यांना विचारलं तर नाही म्हणणार. न विचारता नेल्या तर चोरी. आणि जुन्या वह्या दाखवल्या की नवी वही मागणारच. मी हे सगळं तिला सांगितलं. आवाज रडका झाला होता.

ती म्हणाली, "तू भिऊन राहिला. मीबी भिऊन राहिली. तिचं काय?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मिल बंद असते. मी चौकीदाराला काहीतरी कारण सांगून माळ्यावर चढलो. उंदरांनी बऱ्याच वह्या खाल्ल्या होत्या. चांगल्या उरलेल्यांतून चार घेतल्या, वेगवेगळ्या सालांच्या. पोत्यात गुंडाळल्या. वर ती चालू वहीही घेतली. ती का घेतली ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती मागे राहिली तर शेठजी फाडतील आणि मग मी कायम खोटाच राहीन, असं काहीतरी डोक्यात होतं. किंवा भीतीला मी कंटाळलो होतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. भंडारा रोडला उतरून टांगा केला. टांग्यात पोतं माझ्या मांडीवर होतं आणि कुणीही खाकी कपड्यातला दिसला की मी त्यावर दोन्ही हात ठेवत होतो. परदेशी लोकांच्या नोंदीचं काम पाहणारे अधिकारी पोलीस कचेरीत बसत. चष्मा, टक्कल, टेबलावर पानाचा डबा. दोन्ही बाया दाराशी बसल्या. मी आत गेलो आणि वह्या पुढे केल्या.

ते एकेक पान उलटत गेले. मधूनच विचारत, हे कुठलं साल? मी सांगत होतो. मग त्यांनी पाचवी वही हातात घेतली.

"यात तर नाव नाही त्याचं."

"आहे साहेब."

"कुठे?"

मी खलाशाच्या नावावर बोट ठेवलं. "या नावाचा खलाशी केव्हाच काम सोडून गेला. लाहोरहून परत आल्यावर चाचाने आमच्याकडे काम केलं. हे नाव मी लिहिलं. फौजदारसाहेबांनी विचारलं तेव्हा मी त्याला ओळखत नाही म्हणालो. ओळखत होतो."

त्यांनी चष्मा काढला. मला लघवीला लागली होती.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगता आहात?"

"होय साहेब."

"कुणी लिहायला लावलं?"

शेठजींचं नाव घ्यावं की नाही, हा विचार मी गाडीत केलाच नव्हता. मी म्हणालो, "हात माझा होता."

त्यांनी बॉयलरबद्दल विचारलं. मी तो दुपारचा प्रसंग सांगितला. सांगताना थांबता येईना. बाहेर बसलेल्या मुकादमीणबाईला त्यांनी आत बोलावलं. तिने तेच तिच्या भाषेत सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तो नसता तं वीस बाया शिजल्या असत्या, साहेब." त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली, तिने अंगठा दिला. वह्या त्यांनी ठेवून घेतल्या.

"जा. बोलावलं तर यावं लागेल."

चाचाला त्या दिवशी आम्हाला पाहूही दिलं नाही.

मिलमध्ये परतलो तर माझ्या टेबलाशी दुसराच माणूस बसला होता. शेठजींना सगळं कळलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "घर जा. और दुआ कर कि मेरे दरवाजे पुलिस ना आए." मी ट्रंक उचलली आणि गावी गेलो.

पुढचे चार-पाच महिने मी आमच्या तलावाखालच्या धानात काम केलं आणि रोज वाट पाहिली की बोलावणं येईल. पोस्टमन गावात आठवड्यातून एकदा यायचा. तो कोणत्या गल्लीत वळतो ते मी पाळीवरून बघायचो. वडिलांना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "धरून नेलं तं मी येईन संगं." त्याने धीर यायला हवा होता, उलट त्यांना कचेरीच्या ओसरीत बसलेलं डोळ्यांपुढे येऊन मी आणखीच घाबरलो.

धान पोटरीत आलं होतं तेव्हाची एक सकाळ. पाळीवरून खाकी सदरा घातलेला उंच माणूस सायकल ढकलत येताना दिसला. मी पुढचा-मागचा विचार न करता धानाच्या बांधीत शिरलो आणि चिखलात बसलो. पाणी कमरेपर्यंत, तोंडावर पानं कापत होती. तो माणूस जवळ आला आणि माझ्या नावाने हाका मारू लागला. तिसऱ्या हाकेला आवाज ओळखला.

चाचा होता. मिलचा जुना खाकी सदरा घालून आला होता. मी चिखलाने माखून वर आलो तसा तो हसला नाही. त्याचाही चेहरा उतरलेला होता. खिशातून पाकीट काढून त्याने माझ्यापुढे धरलं.

"अंग्रेजी में है. गोंदिया में किसी को दिखाने का जी नहीं हुआ. तू पढ."

भंडाऱ्याहून त्याला केव्हाच सोडलं होतं, निकाल लागेपर्यंत गोंदियात राहायचं, काम करायचं नाही, या अटीवर. घर बायकोच्या बिड्यांवर चाललं होतं. आता हा निकाल आला होता आणि दोन दिवस त्याने तो तसाच खिशात ठेवला होता. मी हात धुतले, पाळीवर बसलो आणि वाचू लागलो. माझं इंग्रजी नापासाचं. एकेक शब्द जुळवत गेलो. भारतात कायम राहण्यास परवानगी देण्यात येत आहे, असं होतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, फिर पढ. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं, मधे कुठे 'नाही' असा शब्द तर नाही ना, म्हणून.

मग तो पाण्याकडे बघत बसला. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो."

"वो बात मत निकाल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मी पुन्हा कधी ती काढली नाही.

आईने त्याला चहा दिला, निघताना सायकलला पोहे बांधून दिले. मला पोलिसांचं बोलावणं कधीच आलं नाही. का आलं नाही ते ठाऊक नाही. त्या अधिकाऱ्यांनी माझा जबाब फायलीत खाली सरकवला असेल, किंवा कुणाला सवड झाली नसेल. मला मात्र कित्येक वर्षं ते बोलावणं वाटेतच आहे असं वाटायचं.

चाचाला जुन्या मिलने घेतलं नाही, स्टेशनपलीकडच्या दुसऱ्या एका मिलने घेतलं, या वेळी खऱ्या नावाने. पण नियम बदलत राहिले. परवान्याची पद्धत जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आला, तेव्हा आपला जुना कागद चालतो की नाही हे विचारायला तो माझ्याकडे आला. मी तोवर मॅट्रिक पास होऊन तालुक्याच्या शाळेत मास्तर झालो होतो. पुढे आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा फायली नागपुरातच राहिल्या की मुंबईला गेल्या, याची त्याने धास्ती घेतली. खरोखरच एक फाईल सापडेना. पुन्हा भंडारा, पुन्हा जबाब, पुन्हा तो टांगा. दर वेळी तो मला बरोबर नेई आणि कचेरीत माझ्यापेक्षा एक पाऊल मागे उभा राही. बॉयलरपुढे न कचरणारा तो माणूस शिपायाने नाव पुकारलं की दचकायचा.

शेवटी नागरिक म्हणून त्याची नोंद झाली. कलेक्टर कचेरीत शपथ घ्यायची होती. कारकून एकेक वाक्य म्हणत होता, चाचा मागून म्हणत होता. एका ठिकाणी तो अडला. कारकुनाने वर पाहिलं. चाचाने घसा साफ केला, ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं आणि सही केली.

परतीच्या गाडीत तो बाकावर बसल्या बसल्या झोपला. प्रमाणपत्र त्याने माझ्याकडे दिलं होतं. गोंदिया येईपर्यंत प्रत्येक स्टेशनवर मी ते खिशात चाचपून पाहत होतो.